मांजर पोत्यात घालायच्या आधी एवढं वाचा

आमच्या कोल्हापुरात मांजर चावलं की उपाय दोनच. खराट्यानं रट्टे द्यायचे, नाहीतर पोत्यात घालून पंचगंगेपलीकडं सोडून यायचं. परक्या हद्दीत, तिथल्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या तावडीत. वर म्हणायचं, माजलं होतं!

परवा शिवाजी पेठेत मामींकडं हेच झालं. खिडकीबाहेर पत्र्यावर गल्लीतला बोका येऊन बसलेला. आत मनी, शेपूट फुगून दुप्पट, बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यातला हिरवा रंगच दिसेना. मामी "ये गं बाई" म्हणत उचलायला गेल्या आणि मनगटात सुळे रुतले. "एवढं दूध पाजलं, तरी उलटली!" उलटली कुठं? राग बोक्यावरचा. तो काही हाती लागेना, मामींचा हात लागला. अशा वेळी मांजराला शिवायचंच नाही. पडदा ओढा, खोलीत अंधार करा, दार लावून एकटं राहू द्या. निवळायला कधी काही तास लागतात, कधी आख्खा दिवस जातो. मार दिला तर ते फक्त तुम्हालाच भ्यायला लागतं, आणि भ्यालेलं मांजर जास्त चावतं.

मांडीवर लाड करून घेता घेता चावणारी मांजरं तर घरोघरी आहेत. ती आधी सांगतात हो! शेपटीचं टोक आपटतं, पाठीची कातडी थरथरते, कान आडवे होतात. आपलं लक्ष मोबाईलमध्ये.

गरीब मांजर एकाएकी अंगावर यायला लागलं तर काहीतरी दुखतंय असं धरून चाला. दात, कान, सांधे, लघवी, काहीही असू शकतं. जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका, एका गोळीनंही मांजर मरतं.

बोक्यांची मारामारी नसबंदीनं बरीच कमी होते. पिल्लाला बोटं चावू देऊन खेळवू नका, दोरीला पीस बांधा. आज गोड वाटतं, मोठं झाल्यावर तोच हात ते शिकार समजतं.

आणि चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुळ्याची जखम वरून टाचणीएवढी, आत खोल, पू धरतो. रेबीजच्या लशीचं डॉक्टरच ठरवतील, "घरचंच मांजर आहे" म्हणून टाळू नका. हळद, चुना, तंबाखू यातलं काहीही वर लावायचं नाही.