विंडोज २० टक्के वेग खात नाही
आपल्या खारघरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून फिरतंय: ‘विंडोज इंटरनेटचा २० टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवतं, सेटिंगमध्ये शून्य टाका, वेग परत मिळवा.’ हे चूक आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळातली ही आवई, अजून मरत नाही! तो आकडा कमाल मर्यादेचा. एखाद्या प्रोग्रॅमने प्राधान्य मागितलं तरच तेवढी बँडविड्थ (जोडणीच्या वेगाचा वाटा) राखली जाते, आणि त्याने ती वापरली नाही तर बाकीच्यांना मिळतेच.

संध्याकाळी मीटिंग अडखळते, ती बहुधा घरातलंच कुणी मोठी फाइल अपलोड करत असतं म्हणून. (आमच्याकडे चिरंजीव.) त्यावर इलाज राउटरमध्ये: क्यूओएसची (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या जरा खाली ठेवा. मग डेटाची रांग राउटरमध्येच लागते आणि कॉलची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) त्याला पुढे काढता येतात.