आधी बाळंतपणाचं विचारा

नमस्कार डॉक्टर,

निपाणीहून आलेल्या प्रतिक्रियेत आपला आक्षेप असा, की शीहान सिंड्रोमसारखे (बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावाने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी होते, तो) दुर्मिळ आजार रंगवून मी लोकांना महागड्या तपासण्यांच्या मागे लावतो, आणि टीएसएच ही थायरॉईडची तपासणी तर आपल्याकडे होतेच. ओपीडीतली गर्दी मला मान्य आहे. बाकीचं पटत नाही.

खानापूरकडच्या त्या बाईंचंच घ्या. अंगात त्राण नाही, मधूनच असंबद्ध बोलणं. रक्तातलं सोडियम उतरलेलं सापडायचं, सलाईन लावलं की बाई हुशार होऊन घरी जायच्या. थोड्या दिवसांत पुन्हा तेच. चेहरा पांढराफटक, म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या चालू. घरच्यांनी देवाधर्माचंही करून पाहिलं. शेवटच्या बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला, दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झाली नाही, हे सासूबाईंना तोंडपाठ होतं. कुणी विचारलंच नव्हतं! यात खर्च कुठे आला?

थायरॉईडसारख्या इतर ग्रंथींना चालवणारी ही पिट्युटरी ग्रंथी गरोदरपणात वाढते. रक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिला रक्त पुरत नाही आणि ती निकामी होते. ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडलं. पण त्रास कधी कधी १०-१५ वर्षांनी उघड होतो, तेव्हा बाळंतपणाशी त्याचा संबंध कोण जोडणार?

टीएसएचबद्दल मात्र कळकळीने सांगतो. थायरॉईडला कामाला लावणारं हे हार्मोन पिट्युटरीतच तयार होतं. ग्रंथीच बिघडली असेल तर थायरॉईड कमी असूनही टीएसएच नॉर्मल येऊ शकतं. सोबत फ्री टीफोर, म्हणजे रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉईड हार्मोन, हवंच. आणि ते कमी आलं म्हणून लगेच थायरॉईडची गोळी देऊ नये. कॉर्टिसॉल हे शरीराला ताण झेलायला लावणारं हार्मोनही कमी असेल तर त्या गोळीने पेशंटचा जीव धोक्यात येतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारं स्टिरॉईड), मग थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी.

सगळ्यांच्या तपासण्या करा, असं मी म्हणतच नाही. सोडियम वारंवार उतरणारी बाई आली की बाळंतपण, दूध आणि पाळी एवढं विचारा. शंका आली, तरच सकाळचं कॉर्टिसॉल आणि फ्री टीफोर. रक्ताचा नमुना बेळगावला पाठवता येतो.

आणखी एक. 'स्टिरॉईड वाईट' म्हणून शेजारीपाजारी गोळ्या बंद करायला लावतात. गोळ्या बंद करायच्या नाहीत, ताप आला तर डोस वाढवायचा, उलट्या होत असतील तर ताबडतोब इंजेक्शन, हे फाईलच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्या. घरच्यांना मराठी वाचता येतं, पण रात्री-अपरात्री ड्युटीवर असलेल्या नर्सला येईलच असं नाही.