नुसते बसून तर राहायचे आहे

वडील अंथरुणाला खिळले, आपली पुण्यातली रजा संपत आली आणि गावाकडच्या घरी चोवीस तासांची एखादी मावशी ठेवावी असे भावंडांमध्ये एकदाचे ठरले, की पगाराचा आकडा निघण्याआधी कुणीतरी म्हणतेच, “काम काय आहे, नुसते बसून तर राहायचे आहे!” मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी तीस वर्षे परिचारिका म्हणून काढल्यानंतर आता मला “सिस्टर, जरा येऊन अण्णांची जखम बघता का?” अशी बोलावणी येतात, आणि ज्या ज्या घरी मी जखम बघितली त्या प्रत्येक घरी हे वाक्य आधी बोलले गेलेले होते. त्याचे सामर्थ्य मी जाणून आहे. ते तंतोतंत खरे करून दाखवू इच्छिणाऱ्या आपल्यासारख्या कर्तव्यदक्ष लेकरांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी इथे लिहिते.

प्रथम निवड. ब्युरोकडून मावशी आल्या की भाकरी थापता येते का, भांडी घासायला चालतील का, मोबाईलवर किती वेळ असता आणि, आडवळणाने का होईना, “तुम्ही कुणापैकी?” हे सारे विचारून घ्यावे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पूर्वी कधी भरवले आहे का, असला प्रश्न मात्र विचारू नये. ब्युरोने “ट्रेन्ड आहेत” असे सांगितलेले असते आणि या शब्दाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की याआधी त्या एका घरी होत्या व तिथले आजोबा गेल्यामुळे मोकळ्या झाल्या. अंघोळ घालणारी, भरवणारी, कूस बदलणारी काळजीवाहक वेगळी आणि नाकात नळी घालणारी, लघवीची नळी बदलणारी नोंदणीकृत परिचारिका वेगळी, हा भेद मानला तर दोघींचे पैसे मोजावे लागतात. म्हणून तो मानू नये.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे परिचर्येच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. माकडहाड, टाचा, कुल्ल्याची हाडे, खांद्याची पाती, कोपरे, डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस थोडे, तिथे अंगाच्या भाराने बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि कातडी वरून शाबूत दिसत असतानाच आतले मांस मरू लागते. आपण या खोलात शिरू नये. हवेची गादी मागवावी, तिचा पंप घरघरू लागला की कूस बदलण्याच्या कर्तव्यातून सारे घर मुक्त झाले असे समजावे, आणि वीज जाऊन गादीतली हवा उतरली व अण्णा खालच्या फळीला टेकले तरी गादीची पावती जपून ठेवावी. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर तो बोटाने दाबून पाहू नये. दाबल्यावर फिकट पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे आणि दाबूनही तसाच राहिला तर जखमेला सुरुवात झाली आहे, हे कळून उगाच जिवाला घोर लागतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर तर ती लाली दिसतही नाही. जागा जांभळट होते, हाताला गरम किंवा टणक लागते, आणि त्यासाठी रोज हात लावून पाहावे लागते. त्यापेक्षा चट्ट्यावर खोबरेल तेल घेऊन खसाखसा चोळावे, म्हणजे आत जे थोडेफार जिवंत उरले होते तेही निकालात निघते आणि मालिश केल्याचे पुण्यही पदरी पडते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की घामाने भिजलेल्या चादरीवर वरून पावडरचा थर द्यावा. अण्णा पायथ्याशी घसरले की चादरीसकट दोघांनी उचलून वर घेण्याऐवजी काखेत हात घालून एकटीने ओढून घ्यावे. गादीला चिकटलेली कातडी मागे राहते आणि हाड पुढे जाते. असे काही आठवडे केले की मला बोलवावे. मी येते. दारातच वास येत असल्यामुळे अण्णांची खोली कोणती, हे विचारावे लागत नाही. एका घरी तर जखमेच्या आधी मला पलंगावरची सोलापुरी चादर दाखवण्यात आली होती, जावयांनी आणलेली म्हणून.

हात धुण्याचा बडेजाव तर मुळीच नको. साबण लावून 40 ते 60 सेकंद, तेही रुग्णाला हात लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, हे ऐकूनच माणूस थकतो. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सहकाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले, आणि सहकारी मात्र आमचे हात काय घाणेरडे आहेत, म्हणून रुसले. बिचारा 1865 साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. विद्वानांची ही गत, तर मावशींनी ही जोखीम का घ्यावी? शिवाय आपल्याला सबळ कारण आहे. ज्या लातूरची तहान 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून भागवावी लागली, त्या मुलखात लघवीची पिशवी रिकामी केलेल्या हातानेच नाकातल्या नळीचे बूच उघडले तर केवढे पाणी वाचते! हातावर घाण दिसत नसेल तर पाण्याविना सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळूनही भागते, ही माहिती मावशींना देऊ नये. करोनाच्या काळात घेतलेली बाटली शोकेसमध्ये आहे, ती तिथेच शोभते.

भरवण्याच्या बाबतीत आपला समाज फारच प्रेमळ असल्यामुळे तिथे शिकवण्यासारखे काही उरत नाही. तरी सांगते. अर्धांगवायूनंतर गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो, आणि सर्वांत फसवे असते ते पातळ पाणी, कारण ते घशाला सावरायला वेळच देत नाही. घट्टसर पेज त्या मानाने शहाणी. म्हणून पुस्तकात ताठ बसवणे, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, आणि आवाज घोगरा, ओला वाटू लागला की थांबणे, अशी लांबण लावलेली असते. एका जेवणाला त्यात पाऊण तास जातो आणि तिकडे भाकरीचा तवा तापलेला असतो. आपली पद्धत सुटसुटीत आहे. अण्णांना आडवेच ठेवावे, मान मागे करावी आणि वाटीतले वरण तोंडात सोडावे. ठसका लागला तर “कुणीतरी आठवण काढली” असे म्हणून वर घोटभर पाणी पाजावे. नाकातून नळी असेल तर खाटेचे डोके 30 ते 45 अंश उचलून ठेवणे, भरवण्याआधी नळीवरची खूण नाकपुडीपाशी जागेवर आहे का हे पाहणे, नंतर पाण्याने नळी धुणे आणि निदान अर्धा तास तसेच बसवून ठेवणे ही सारी उठाठेव टाळावी. चार दिवसांनी ताप येतो, छाती वाजू लागते, दवाखान्यात न्युमोनिया निघतो, आणि गारठा बाधला असे सर्वानुमते ठरते. परभणीत, मे महिन्यात.

साखरेच्या औषधांपाशी मात्र जरा रेंगाळणार आहे, कारण इथे अज्ञानाचे फळ मिळायला आठवडे लागत नाहीत. बाजारात इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते, एका मिलिलीटरला 40 युनिटचे आणि 100 युनिटचे, आणि दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या असतात. 40 वालीचे टोपण लाल, 100 वालीचे नारिंगी. आपण मेडिकलवाल्याला “इन्सुलिनची सुई द्या” एवढेच म्हणावे. तो हाताला येईल ती देतो. 100 युनिटचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत भरले की अण्णांच्या अंगात विसाऐवजी पन्नास युनिट जातात. हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल, पण ते मावशींना कुणी घालू नये, कारण त्या नुसत्या बसायला आल्या आहेत. औषध फ्रीजच्या दारात न ठेवता बर्फाच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे गोठून निकामी होते. वीज तासन्‌तास नसेल तर ओल्या मडक्यात गारव्याला ठेवण्याची युक्ती खेड्यातल्या लोकांना ठाऊक आहे. ती अडाणीपणाची मानून बाटली खिडकीत उन्हाला ठेवावी. पुढे कधी अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ते भलतेसलते बोलू लागले, तर साखर तपासू नये. 70 च्या खाली गेली असेल आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते. आपण मात्र अण्णा पूर्ण बेशुद्ध होण्याची वाट पाहावी आणि मगच साखरपाणी तोंडात ओतावे, म्हणजे आधीच्या परिच्छेदातला लाभही सोबत मिळतो.

टोचून झालेल्या सुईला पुन्हा टोपण घालावे, बोटात घुसली तर बोट चोखावे. जाड प्लास्टिकच्या डब्याऐवजी ती पिशवीत बांधून घंटागाडीत टाकावी; पुढचे बोट सफाई कामगाराचे असते, आपल्या ओळखीचे नसते. काविळीच्या ब प्रकाराची लस सहा महिन्यांत तीन वेळा टोचतात, तिचा खर्च कुणी करायचा यावर ब्युरो आणि घर यांचे एकमत होईपर्यंत मावशींचे काम सुटलेले असते.

उचलण्याविषयी काय सांगावे? माझ्या ओळखीच्या कितीतरी मावशी बीडकडच्या, कोयत्यावर वर्षे काढलेल्या, आणि कंबर गेली म्हणून या कामाला आलेल्या. ज्या बाईने डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहून ट्रक भरले तिला सत्तर किलोचे अण्णा काय जड, असा हिशेब घरोघर मांडला जातो. (तिकडे मुकादमाची उचल घेतली म्हणून उचलावे लागायचे, इथे उचल न मिळताच उचलायचे, एवढीच काय ती प्रगती.) गुडघ्यात वाकणे, पाठ सरळ ठेवणे, भार अंगाजवळ घेणे, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावणे, या गोष्टी तिला सांगितल्या तर ती दुसरा माणूस मागेल. ब्रेक न लावता अण्णांना उभे करावे. खुर्ची मागे जाते, अण्णा पुढे येतात.

पाहुणे आले की लघवीची पिशवी खाली लोंबताना बरी दिसत नाही, म्हणून ती उचलून पांघरुणात, अण्णांच्या पोटावर ठेवावी. पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, नाहीतर लघवी उलट वर जाऊन जंतूंनाही सोबत नेते, हे पाहुण्यांसमोर बोलण्याजोगे नाही. आणि देवघर अण्णांच्याच खोलीत असेल तर ऑक्सिजन चालू असतानाही निरांजन विझवू नये, धर्म बुडतो.

अचानक तोंड वाकडे झाले, एक हात गळून पडला, बोबडी वळली, तर 108 ला फोन करण्याचा आततायीपणा मावशींनी करू नये, हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावावे. क्रम ठरलेला असावा. आधी थोरल्या भाऊंना फोन, ते मीटिंगमध्ये असतात. मग धाकट्यांना, ते थोरल्यांना विचारून सांगतात. मग ताईंना, त्या रडतात. मग गल्लीतल्या डॉक्टरांना, ते सलाईन लावतात. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्याआधी स्कॅन लागते, आणि स्कॅनचे मशीन तालुक्याला नसले की जिल्ह्याला जावे लागते. चारही फोन नीट लागले तर हे साडेचार तास घरातच निभावून जातात.

राहता राहिली झोप. दोन तासांनी कूस म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा, त्यांतल्या चार वेळा अकरा, एक, तीन आणि पाचला. त्याच बाईने सहाला चहा ठेवायचा असतो. बारा बारा तासांच्या दोघी ठेवण्यापेक्षा एक कॅमेरा स्वस्त पडतो, तोच बसवावा. दुपारी दोनला मावशींना डुलकी लागली की पुण्याहून लगेच फोन करता येतो, “काय करायलाव मावशी?” अण्णा सकाळपासून त्याच कुशीवर आहेत, हेही त्याच चित्रात दिसत असते, पण आपण तिकडे पाहत नसतो.

शेवटचे सांगते. खाटेशी वही ठेवू देऊ नका. कूस किती वाजता बदलली, पोटात पाणी किती गेले, लघवी किती झाली, साखर किती होती, कोणती गोळी दिली, अण्णा शेवटचे धडपणे कधी बोलले, हे सारे लिहून ठेवणारी एखादी मावशी निघते. सातवी शिकलेली असली तरी अक्षर मोत्यासारखे असते. दवाखान्यात डॉक्टर नेमके हेच विचारतात. वही नसली की “सकाळपर्यंत चांगले होते हो” असे म्हणता येते आणि त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. घरात कोरी दोनशेपानी असेल तर ती कपाटात आधीच कुलूपबंद करावी. तेराव्याला आचाऱ्याचे किती झाले, मांडवाचे किती आणि दुखवट्याचा आहेर कुणाकडून काय आला, हे लिहायला भावंडांना ती लागतेच.