लागला तर नफा, नाही लागला तर पैसे परत?

साखळी-डिचोलीपासून मडगावपर्यंतच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आयपीओबद्दल, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकले जातात त्या इश्यूबद्दल, एक मेसेज फिरतोय. सार असे: ‘एफडी मोडा, आयपीओ भरा. सेबीने पास केलेला असतो. तुमचा पैसा कंपनीच्या वाढीला लागतो. लागला तर पहिल्याच दिवशी नफा, नाही लागला तर पैसे परत. घरातल्या सगळ्यांच्या नावाने भरा.’ खाली रॉकेट.

यातले ‘पैसे परत’ तेवढे खरे. खरे तर ते खात्यातून जातच नाहीत. अडवून ठेवतात आणि शेअर मिळाले नाहीत की मोकळे करतात. बाकीचे बघू.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी काहीही पास करत नाही. कागदपत्रे सेबीकडे दाखल झाली म्हणजे सेबीने मंजुरी दिली असे समजू नये, हे प्रत्येक प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे इश्यूच्या माहितीपत्रकात, छापावेच लागते. सेबी पाहते ते कंपनीने सांगायची ती माहिती सांगितली की नाही एवढेच. भाव रास्त आहे का, हे ठरवणारे कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजचे सरकारी कार्यालय 1992 मध्येच बंद झाले. मेसेज लिहिणारा बहुधा त्याच काळात अडकलाय. एसएमई, म्हणजे लहान कंपन्यांच्या, इश्यूची कागदपत्रे तर सेबी नव्हे, शेअर बाजारच (एक्स्चेंज) तपासतो, आणि तिथे आता अर्जच दोन लाखांच्या वरचा करावा लागतो. प्रॉस्पेक्टसमधली जोखमीची आणि चालू खटल्यांची पाने कुणी उघडत नाही, याचे गोव्यात तरी नवल वाटते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा एका आदेशाने धंदा कसा थांबतो, हे ट्रकमालकापासून सेसा गोवा या खाण कंपनीच्या भागधारकापर्यंत सगळ्यांनी पाहिले होते.

आता ‘पैसा कंपनीच्या वाढीला’. सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. आयपीओत दोन प्रकारचे शेअर विकले जातात. फ्रेश इश्यूत कंपनी नवे शेअर काढते आणि पैसा कंपनीकडे येतो. ऑफर फॉर सेलमध्ये जुना मालक आपल्याकडचे शेअर विकतो आणि पैसा त्याच्या खिशात जातो. कंपनीला दमडी मिळत नाही. मे 2022 मधल्या एलआयसीच्या इश्यूचे सुमारे 20,500 कोटी केंद्र सरकारकडे गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा 27,870 कोटींचा इश्यू आला, तेव्हाचा देशातला सर्वांत मोठा. ती सगळी रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीला मिळाली. म्हणून ऑफर फॉर सेल वाईट असे नव्हे. नोव्हेंबर 2023 मधला टाटा टेक्नॉलॉजीजचा इश्यूही पूर्ण तसाच होता आणि 500 चा शेअर बाजारात 1,200 ला उघडला. पण विकणारा आत्ताच का विकतोय, हे विचारायला नको? फ्रेश इश्यू असला तरी ‘इश्यूचे उद्देश’ हे प्रकरण वाचावे. कित्येकदा त्यात जुने कर्ज फेडणे असते.

पहिल्या दिवशीच्या नफ्याचे म्हणाल, तर पेटीएमचा शेअर 2,150 रुपयांना दिला होता. नोव्हेंबर 2021 मध्ये पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्के पडला. एलआयसीत पॉलिसीधारकांना 60 रुपये सूट धरून शेअर 889 ला मिळाला होता. एनएसई या शेअर बाजारात तो उघडला 872 ला आणि बंद होतानाही 889 च्या खालीच होता. ह्युंदाई 1,960 चा. दिवसअखेर सात टक्क्यांनी खाली. पुढे तो सावरला, पण मेसेज पहिल्या दिवसाची हमी देतोय. ग्रे मार्केटमधला, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच्या अनौपचारिक व्यवहारातला, वाढीव भाव (प्रीमियम) दाखवून कुणी पटवत असेल, तर त्या बाजारावर कोणाचेही नियंत्रण नाही.

‘घरातल्या सगळ्यांच्या नावाने’ हे चालते, पण पॅन ज्याचा, बँक खातेही त्याचेच हवे. बायकोच्या अर्जाला नवऱ्याच्या खात्यातून पैसे अडवले, तर तो अर्ज बाद.

राहिली एफडी. 2020 मध्ये म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना रद्द झाल्यापासून इथे लोक ठेवीलाही बिचकतात, ते समजू शकते. तरी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, शेअरला कसलाच नाही. शिवाय एफडी मोडून हाती काय लागणार? किरकोळ गटात, म्हणजे लहान गुंतवणूकदारांसाठी राखलेल्या हिश्शात, अर्जदार फार झाले की सोडत निघते आणि नंबर लागला तर एकच लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला गठ्ठा, मिळतो, साधारण पंधरा हजारांचा. तुम्ही पंधरा हजार भरा की दोन लाख, सोडतीत संधी सारखीच. दोन लाख भरून दोन लाखांचे शेअर मिळतात ते ह्युंदाईसारख्या इश्यूत, जिथे किरकोळ गट निम्माच भरला होता.