गूगलच्या आधी म्हणे काहीच नव्हतं!

«१९९८ च्या आधी इंटरनेटवर काहीही शोधता येत नसे. लोक संगणकांचे पत्ते वहीत लिहून ठेवत. आर्ची नावाच्या रोबोला प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायचा. ऑनलाइन ग्रुप ऑर्कुटने आणले. त्याआधीचं लिखाण आपोआप पुसलं जायचं, म्हणून लोक मोकळेपणाने लिहीत. आजही डिसअपिअरिंग मेसेज लावा आणि बिनधास्त लिहा!»

हा फॉरवर्ड घराघरांत फिरतोय, आणि आता भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरलाय. शोधायची सोय नव्हती आणि आर्ची उत्तरं द्यायचा, ही दोन वाक्यं एकाच मजकुरात कशी नांदतात, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडलेला दिसत नाही.

शोध नव्हता म्हणणाऱ्यांनी आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक १४३६ उघडावा. मार्च १९९३ चा हा दस्तऐवज मिनेसोटा विद्यापीठाच्या गोफर या, इंटरनेटवरची माहिती मेनूंमधून दाखवणाऱ्या प्रणालीचा आहे, फुकट वाचता येतो, आणि लेखकांत पहिलं नाव फरहाद अंकलेसरिया यांचं आहे. गोफरच्या मेनूत प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर ती ओळ कशाची ते सांगतं. ० म्हणजे मजकुराची फाइल, १ म्हणजे पुढचा मेनू, ७ म्हणजे शोध. गूगल कंपनी झाली सप्टेंबर १९९८ मध्ये. म्हणजे त्याच्या साडेपाच वर्षं आधी शोधाला प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्याच्या नियमांत, स्वतःचा आकडा होता. त्याहीआधी, १९९२ मध्ये, नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या मंडळींनी व्हेरोनिका काढलं होतं. ते ठिकठिकाणच्या गोफर मेनूंमधली शीर्षकं गोळा करून त्यांत शोधायचं. गर्दीच्या वेळी «फार जोडण्या आहेत, थोड्या वेळाने या» असं उत्तर यायचं, हेही खरं. पण गर्दी व्हायला आधी दुकान असावं लागतं.

आता तो रोबो. आर्चीला प्रश्न विचारता येत नसे, फक्त फाइलचं नाव विचारता येई. मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी १९९० मध्ये ते सुरू केलं. काम साधं होतं: सर्वांना खुल्या असलेल्या एफटीपी (फाइली उतरवून घ्यायची पद्धत) संगणकांशी ठरावीक काळाने जोडायचं, तिथल्या फाइलींची यादी उतरवून घ्यायची आणि त्या याद्यांत शोधू द्यायचं. टेलनेटने, म्हणजे दूरच्या संगणकावर आज्ञा टाइप करायच्या सोयीने, आर्चीच्या सर्व्हरवर जायचं, लॉगिन म्हणून «आर्ची» लिहायचं, पूर्ण नाव जुळवायचं की नावातला तुकडा ते ठरवायचं आणि मग «प्रॉग» लिहून पुढे नाव. उत्तरात संगणकाचा पत्ता, फोल्डर, फाइलचा आकार आणि तारीख येई. फाइलच्या आत काय आहे याचा आर्चीला पत्ताच नसे. फाइली दाबून लहान करणाऱ्या पीकेझिप या प्रोग्रामची २.०४जी ही आवृत्ती «पीकेझेड२०४जी» नावाच्या फाइलमधून वाटली जायची. तुम्ही «झिप» शोधलंत तर ती हाती लागणार नाही, कारण नावात «झिप» नाहीच.

आणि पत्ता मिळाला म्हणजे फाइल मिळाली असं नव्हे. एफटीपीत «अ‍ॅनॉनिमस» नावाने शिरायचं, पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता द्यायचा, फोल्डर गाठायचं, आधी «बायनरी» ही आज्ञा द्यायची आणि मगच «गेट». बायनरी विसरलात तर मजकुराच्या पद्धतीत फाइल उतरताना ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जायच्या आणि झिप फाइल उघडायचीच नाही. मोडेमवर तासभर घालवून हाती कचरा.

वहीचं म्हणाल, तर अर्धं खरं आहे, मान्य. चांगल्या एफटीपी साइटचे पत्ते लोक लिहून ठेवत. पण आज आपण बुकमार्क करतो म्हणून आज शोध नाही, असं कुणी म्हणेल का?

ऑर्कुट हे सोशल नेटवर्क आलं जानेवारी २००४ मध्ये. यूजनेट हे विषयवार चर्चागटांचं जाळं १९८० पासून चालू होतं, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतून निघालेलं. लिनक्सची पहिली खबर लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये यूजनेटच्याच मिनिक्स या संगणकप्रणालीच्या गटात दिली. मराठी माणसांसाठीही सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा गट ऑर्कुटच्या आधीच होता. एवढं पुरे.

खरा घातक मुद्दा शेवटचा. «आपोआप पुसलं जायचं» हे ज्याने लिहिलं त्याला यूजनेट कसं चालतं हेच ठाऊक नाही. तुमची पोस्ट तुमच्या सर्व्हरवरून शेजारच्या सर्व्हरला, तिथून पुढच्याला, अशी जायची आणि प्रत्येकाकडे आपापली प्रत राहायची. डिस्क भरते म्हणून सर्व्हर जुन्या पोस्टी काढून टाकत, पण किती दिवसांनी, ते प्रत्येक जण स्वतः ठरवी. तुम्ही पोस्ट रद्द करायचा संदेश पाठवू शकत होता, पण तो पाळायची सक्ती कुणावर नव्हती. खोटे रद्द-संदेश येऊ लागल्यावर अनेक सर्व्हर ते मानेनासे झाले. टोरंटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ च्या पोस्टी १४१ टेपांवर जपून ठेवल्या. १९९५ पासून डेजा न्यूज हे संकेतस्थळ यूजनेटवरचं सगळं साठवून शोधू देत होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि त्याच डिसेंबरात वीस वर्षांचा साठा, टोरंटोच्या टेपांसकट, जगापुढे खुला केला. विशीत रागाने लिहिलेलं चाळिशीत स्वतःच्या नावानिशी सापडायची सोय झाली.

पोस्टच्या शीर्षात «एक्स-नो-आर्काइव्ह: येस» लिहिलं तर डेजा ती पोस्ट साठवत नसे. पण कुणी उत्तर देताना तुमच्या ओळी उद्धृत केल्या की त्या त्याच्या पोस्टमध्ये राहत, आणि त्यावर तुमचा काही इलाज नसे. डिसअपिअरिंग मेसेजचंही तेच: समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला, की तो त्याच्या फोनमधून तुम्हाला पुसता येत नाही.