प्रेअरीतले एलेव्हेटर म्हणजे कोठारं नव्हेत

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या इंग्लिस गावी ओळीने उभ्या असलेल्या पाच लाकडी एलेव्हेटरांचा (शेतकऱ्यांकडून धान्य घेऊन रेल्वेच्या वाघिणींत भरणाऱ्या उंच इमारतींचा) फोटो फिरतोय. खाली मजकूर: ‘वर्षभराचं धान्य साठवायची कोठारं. जागा वाचावी म्हणून उंच. लाकूड कुजलं म्हणून नामशेष.’ तिन्ही विधानं चुकीची आहेत.

कोठारं? शेतकऱ्याचं कोठार त्याच्या शेतावरच असे. एलेव्हेटरात मावत 25,000 ते 40,000 बुशेल. गव्हाचा बुशेल 27.2 किलोचा, म्हणजे 30,000 बुशेलचे 816 टन. चाळीस फुटी वाघिणीत सुमारे 2,000 बुशेल जात, त्यामुळे पंधरा वाघिणींत सगळा माल निघून जाई. वाघिणी आल्या नाहीत, की एलेव्हेटर तुंबे आणि शेतकऱ्यांच्या गाड्या भरल्या परत जात.

उंचीचा मुद्दा तर उलटाच आहे. प्रेअरीत, म्हणजे त्या सपाट गवताळ मैदानांत, जागेला काय तोटा! उंची उतारासाठी होती. गाडी काट्यावर घ्यायची, पुढची बाजू उचलायची, धान्य खड्ड्यात. तिथून रहाटगाडग्यासारखा, वाट्या लावलेला पट्टा ते माथ्यावर नेई. माथ्यावरचं फिरतं तोंड हव्या त्या कप्प्याकडे वळवलं, की धान्य उताराने त्यात पडे. वाघीण भरताना ते पुन्हा पट्ट्याने माथ्यावर चढवून नळीने खाली वाघिणीत सोडत.

भिंतींत खांब नसत. फळ्या आडव्या एकावर एक रचून खिळ्यांनी ठोकत. तळाशी दाब जास्त, म्हणून खाली रुंद फळ्या, वर अरुंद. खालचा खड्डा तुंबला की पट्टा पुलीवर घसरून तापे आणि धान्याची धूळ पेटे. म्हणूनच इंजिन वेगळ्या खोलीत ठेवत. आगीत बरेच एलेव्हेटर गेले, हे मान्य.

एका गावात पाच का, हे मात्र त्या मजकुरात नाहीच. वेगवेगळ्या कंपन्यांचे एलेव्हेटर शेजारी असले, तर वजन, प्रत आणि डॉकेज (कचऱ्यापोटी वजनातली कपात, आपल्याकडचा कडता) पटलं नाही की शेतकरी दुसऱ्या दारी जाऊ शके. तरी स्वतः वाघीण भरू पाहणाऱ्या शेतकऱ्याला डावलून रेल्वे कंपनी वाघिणी एलेव्हेटरवाल्यांनाच आधी देई. 1902 मध्ये सिंटालुटा गावच्या शेतकऱ्यांनी यावरून कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीविरुद्ध खटला जिंकला.

आणि कुजणं? 1930च्या दशकात साडेपाच हजारांहून अधिक एलेव्हेटर होते. घोडागाडी दिवसात जाऊन येईल, एवढ्या अंतरावर. ट्रक आले, रेल्वेचे शाखामार्ग बंद झाले, 1995 मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्याचं अनुदान संपलं. शंभर वाघिणींची गाडी भरणाऱ्या काँक्रीटच्या टर्मिनलपुढे पंधरा वाघिणींचा एलेव्हेटर चालवणं कंपन्यांना परवडेना. धडधाकट लाकडी इमारती त्यांनी स्वतःच पाडल्या.