चपलेचं श्रेय पाहिजे, लेखाचं नको?

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि कंपनीनं नुसतं 'लेदर सँडल' म्हणून विषय मिटवला. अख्खं कोल्हापूर पेटलं. पेटायलाच पाहिजे होतं. इथल्या आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या घडवलेली, 2019 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू, आणि नावसुद्धा घ्यायचं नाही? शेवटी मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे कंपनीला मान्य करावं लागलं. पुढं त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली.

आता गंमत बघा. त्याच दिवसांत चपलेवरचे मराठी लेख व्हॉट्सॲपवर धो धो फिरत होते. कापशी चप्पल म्हणजे काय, वेणी कशी घालतात, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात. कुणीतरी कारागिरांच्या दारात बसून, विचारून, फोटो काढून लिहिलेलं. आणि खाली काय? 'साभार'. कुणाचे आभार, ते जोतिबालाच ठाऊक! प्राडाला शिव्या घालणारा माणूस तोच लेख नाव कापून पुढं ढकलत होता, आणि त्यात आपण काही वावगं करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी ब्लॉग लिहितो म्हणून हे जास्त टोचतं, मान्य. पण मूळ लेखाची लिंक देणं ही नुसती मानापमानाची गोष्ट नाही.

ब्लॉगचा भर होता तेव्हा प्रत्येकाच्या पानाच्या बाजूला एक यादी असायची, 'मी वाचतो ते ब्लॉग'. 'मराठी ब्लॉग विश्व' या ब्लॉग एकत्र दाखवणाऱ्या साइटवर नवीन कुणी काय लिहिलं ते दिसायचं. एकाचं वाचता वाचता तिसऱ्याच्या ओसरीवर जाऊन पोचायचो. गंगावेशीतल्या तालमींवरचा लेख उघडला की त्यातून खासबाग मैदानाच्या लेखात, तिथून शाहू महाराजांच्या काळातल्या कुस्तीत. वेळ जायचा, पण माणसं सापडायची. सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय असलेलं गूगल रीडर 2013 च्या जुलैमध्ये बंद पडलं, सगळे इथं फेसबुकवर आले आणि त्या याद्या धूळ खात पडल्या. इथं तर लिंक दिली की पोस्ट कमी लोकांना दिसते अशी सगळ्यांची समजूत, म्हणून ती बिचारी 'पहिल्या कमेंटमध्ये'. चोरून आणल्यासारखी.

ज्यांना हे फालतू वाटतंय त्यांच्यासाठी थोडं तांत्रिक. 1998 साली स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल उभं केलं, त्याच्या मुळाशी हाच हिशोब होता. एका पानानं दुसऱ्याला लिंक दिली की ते एक मत, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं पडलीत त्याच्या मताचं वजन जास्त. आता त्यात शंभर गोष्टी मिसळल्यात, पण लिंकचं वजन गेलेलं नाही. फेसबुकवरच्या लिंकला मात्र ते वजन मिळत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या लिंकवर 'नोफॉलो'ची खूण असते. कमेंटमधल्या स्पॅमला आळा घालायला 2005 मध्ये निघालेली ही खूण, म्हणजे शोधयंत्राला 'हे मत धरू नको' असं सांगणं. इथं शेअर केल्यानं चार वाचक जरूर मिळतात. पण कोल्हापूरबद्दल मराठीत शोधणाऱ्याला चांगला लेख वर दिसावा असं वाटत असेल, तर एका ब्लॉगरनं आपल्या लेखातून दुसऱ्याला दिलेली लिंक जास्त कामाची. इंग्रजी पानांना अशी मतं पोत्यानं पडतात. आपली मतं आपणच टाकायची, दुसरं कोण टाकणार?

लिंक दिली तर वाचक तिकडंच जाईल, ही भीती मी लई ठिकाणी ऐकलीय. अहो, गुजरीत सराफांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. शेजारी दुकान आहे म्हणून कुणाचा धंदा बसला नाही, उलट सगळी एका जागी आहेत म्हणूनच गिऱ्हाईक तिकडं वळतं.

पुराचंच घ्या. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. तरी दर पावसाळ्यात 2019 च्या महापुराचे फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरतात आणि पुण्या-मुंबईतली लेकरं घाबरून घरी फोन लावतात. त्या फोटोसोबत मूळ पोस्टची लिंक असती तर तारीख आपोआप दिसली असती. स्क्रीनशॉटला ना तारीख, ना बाप. मूळ लेखकानं नंतर चूक दुरुस्त केली तरी स्क्रीनशॉट जुनीच चूक घेऊन गावभर हिंडतो.

एक सांगतो, उगाच गैरसमज नको. 'तू माझी टाक, मी तुझी टाकतो' ही मदत नव्हे. मला असे मेसेज येतात, मी उत्तर देत नाही. न वाचता केलेल्या अशा अदलाबदलीचा अतिरेक झाला तर गूगलही तिला स्पॅम धरतं. ज्याचं पटलं नाही त्यालाही लिंक द्यावी. कोल्हापुरातल्या एका जुन्या वास्तूच्या काळावरून एका ब्लॉगरनं माझं म्हणणं खोडून काढलं, पण माझ्या लेखाची लिंक देऊन. त्याच्याकडून माझ्याकडं आलेले वाचक सगळ्यांत जास्त चिकित्सक निघाले. त्याचं म्हणणं मला आजही पटलेलं नाही, तो भाग वेगळा.

द्यायचीच तर नीट द्या. मुखपृष्ठाची नको, नेमक्या लेखाची. 'इथे क्लिक करा' नको, वाक्यातच लेखाचं किंवा लेखकाचं नाव. आणि लिंक देताना ते पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, साठवून ठेवा, फुकट आहे, मिनिटभराचं काम. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेनं 2024 मध्ये सांगितलं की 2013 मध्ये असलेल्या पानांपैकी 38 टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीचं कुणी वेगळं मोजलं असेल तर वाचायची छाती नाही. माझ्या त्या बाजूच्या यादीतले किती ब्लॉग मेलेत ते मला दिसतंच आहे.

तर आता कामाचं. कोल्हापूरवर, कुस्तीवर, पाण्यावर, तांबड्या-पांढऱ्यावर, कशावरही कुणी चांगलं लिहिलेलं तुम्ही अलीकडं वाचलं असेल, तर खाली त्याची लिंक टाका. मूळ लिंक, स्क्रीनशॉट नको. आणि भावांनो, स्वतःची सोडून.